तळमजल्यावर कोण राहतं?

जुन्या इमारतीची पाहणी करायची म्हटलं की आमच्याकडे आधी छत बघतात. कोल्हापूरच्या पावसात ते साहजिकच आहे. कौलं सरकली, पन्हळ तुंबली, तुळईच्या टोकाला पाणी लागलं, की वाड्याची घसरण तिथून सुरू होते. जुने वाडे आणि देवळं यांच्या दुरुस्तीची कामं करताना माझीही नजर अशीच वरून खाली यायची. व्हेनिसने ती उलटी फिरवली. तिथली इमारत खालून जाते.

2024 च्या वसंतात मी तिथे एका सत्राचा अभ्यासक्रम केला. ऐतिहासिक वास्तुकला आणि वारसा-पर्यटन हे दोन्ही विषय एकाच वर्गात शिकवणार होते, म्हणूनच मी अर्ज केला होता. आपल्याकडे या दोन विषयांची तोंडं दोन दिशांना असतात. आर्किटेक्ट वास्तू मोजतात, पर्यटनवाले माणसं मोजतात, आणि दोघांची भेट होते ती वाहनतळाचा नकाशा मंजूर झाल्यावर. हे मला बरीच वर्षं खटकत होतं. तिथल्या वेळापत्रकात सकाळी मोजमाप आणि दुपारी गर्दी होती. वर्गात निरनिराळ्या देशांतली मुलं होती, बहुतेक माझ्यापेक्षा बरीच लहान. माझ्या जोडीला ब्राझीलची एक मुलगी होती. तिचा हात रेखाटनात विलक्षण बसलेला होता.

मोजमापासाठी आम्हाला कान्नारेज्जो भागातल्या एका अरुंद गल्लीतलं घर मिळालं. चार मजल्यांचं, विटांचं, कुठल्याही पर्यटन-पुस्तिकेत नसलेलं. कागदावर काढायचे होते ते त्याचे फक्त खालचे दोन मीटर. एकेक वीट, एकेक दरज, गिलाव्याचा प्रत्येक फुगवटा. आधी वाटलं, एवढ्याशा भिंतीला किती वेळ लागणार? प्रत्यक्षात तेवढी भिंत आम्हाला कित्येक आठवडे पुरली.

व्हेनिस उभं आहे ते उथळ खाडीतल्या चिखलात. चिखलात लाकडी खुंट ठोकले, त्यांवर फळ्या अंथरल्या, फळ्यांवर दगडाचे थर आणि त्यावर विटांची भिंत. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड फार सावकाश कुजतं. वरचा दगड एड्रियाटिकच्या पलीकडचा, इस्त्रियाचा. तो भाग आता मुख्यतः क्रोएशियात येतो. पांढुरका, घट्ट, पाणी जवळजवळ न पिणारा. भरतीचं पाणी विटेला लागू नये म्हणून जुन्या बांधकाऱ्यांनी त्याचं जोतं केलं. हिशेब चोख होता. पण पाण्याची पातळी मोजायला तिथे आजही 1897 ची शून्यरेषा धरतात आणि समुद्राची सरासरी पातळी त्या रेषेच्या तीस सेंटिमीटरहून अधिक वर आली आहे. जमीन थोडी खचली, समुद्र थोडा चढला. जोतं होतं तिथेच राहिलं आणि पाणी त्याच्यावरून विटेपर्यंत पोचलं.

त्यानंतर काय होतं ते आमच्या भिंतीवर स्पष्ट दिसत होतं. सगळ्यात खाली काळपट-हिरवा पट्टा, कायम ओला. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं पाणी विटेत चढत जातं. जिथे ते वाळतं तिथे मीठ मागे राहतं. हाच लोणा. मिठाचे खडे विटेच्या छिद्रांत वाढतात आणि वीट आतून फोडतात. साधारण कमरेच्या उंचीवर भिंत पांढरी पडलेली होती. तिथे बोट लावलं की विटेची भुकटी हातावर यायची. काही विटा इतक्या झिजल्या होत्या की मधल्या चुन्याच्या दरजाच कोरड्या जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसायच्या.

त्याच गल्लीत एका घराचं काम चाललं होतं. तिथले वयस्कर गवंडी कमी बोलायचे, पण आम्ही रोज बघत उभ्या राहतो म्हटल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. खराब विटा ते एका वेळी थोड्याच काढायचे, तिथे नव्या बसवायचे, आणि शेजारच्या विटांना हात लावायचे तो आधीचं काम आवळल्यावरच. वरचा भार सुटू नये म्हणून. बादल्यांमध्ये चुना होता आणि विटेची भुकटी, जाड, मध्यम आणि बारीक अशी तीन प्रकारची. मी चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली आणि मला आमच्या वाड्यांचा गिलावा आठवला. ही सुरखी! रोमन काळापासून इटलीत वापरात असलेलं हे मिश्रण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि हौदांत जागोजाग सापडतं. मी वहीत चुन्याच्या घाणीचं चित्र काढून दाखवलं: गोल चर, मधला खुंट, दगडी चाक, जुंपलेला बैल. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"तुमच्याकडे समुद्र आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गावात नाही. पाऊस आहे, चार महिने."

"म्हणजे तुमचं पाणी गोडं. नशीबवान आहात."

मग त्यांनी समोरच्या घराकडे बोट केलं. तिथे कुणीतरी ओल दडवायला सिमेंटचा गिलावा चढवला होता. ओल गेली नव्हती, वर चढली होती, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत. सिमेंटमागे कोंडलेलं पाणी वाट मिळेल तिथवर चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडतं, मीठ गिलाव्यातच साठतं आणि गिलावा गळतो. काही वर्षांनी तो पुन्हा करायचा. तो झिजतो म्हणून वीट टिकते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, वर्गात शिकवतानाही सांगत आले होते. पण त्या गल्लीत त्यातली "काही वर्षांनी पुन्हा" ही अट पहिल्यांदा नीट डोळ्यांत भरली. पुन्हा कोण करणार? गिलावा संपत आलाय हे वेळेवर कुणाच्या लक्षात येणार?

दुपारचा वर्ग इथूनच सुरू व्हायचा, फक्त त्या वेळी हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. दुपारी आम्ही माणसं मोजायचो. रेल्वे स्थानकाकडून रिआल्तोकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुलाच्या पायऱ्यांशी, हातात मोजणीचं यंत्र घेऊन. बॅगा ओढत जाणारे, झेंड्यामागून जाणारे, बाजाराची पिशवी घेऊन जाणारे, शाळेतून परतणारी मुलं. शेवटच्या दोन रकान्यांत आकडे कमी पडायचे. 1951 मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. 2022 मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत 2008 पासून शहराची लोकसंख्या दाखवणारा फलक लावलेला आहे. वर्गाला जाता-येता आम्ही तो वाचायचो. 2023 मध्ये तिथल्या नागरिकांच्या गटांनी हिशेब मांडला, की जुन्या शहरात पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

25 एप्रिल 2024 ला व्हेनिसने दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. त्या वर्षी गर्दीचे ठरावीक 29 दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. पहिल्या दिवशी आम्ही स्थानकाबाहेर होतो. तपासनीस, तंबू, क्यूआर कोड, जगभरचे कॅमेरे. बसस्थानकाच्या चौकात रहिवाशांनी मोर्चा काढला होता. आमचं शहर म्हणजे तिकीट काढून बघायची जत्रा नाही, असं ते सांगत होते. गर्दी कमी झाल्याचं निदान आम्हाला तरी जाणवलं नाही. मला हा प्रयोग करून बघण्यासारखाच वाटतो. आपल्याकडे अजिंठ्यात गाड्या खाली अडवून बसने लोकांना वर सोडतात आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसंच जाऊ देतात, त्याचा उपयोग होतो. पण लेण्यात कुणी राहत नाही. तिथे श्वासाची वाफ मोजली की पुढचा हिशेब बांधता येतो. राहत्या शहराला तेवढ्याने भागत नाही.

दोन्ही वर्गांची गाठ पडली ती एका साध्या कामातून. गल्लीतल्या दारांवरच्या किल्ल्यांच्या पेट्या नोंदवायला आम्हाला सांगितलं होतं. मालक समोर न येता पाहुण्याला आत जाता यावं म्हणून दाराशी आकडे फिरवून उघडायची छोटी डबी बसवतात; तिच्यावरून घर भाड्याचं आहे हे कळतं. माझ्या जोडीदारणीने या डब्या ट्रेसिंग कागदावर खुणावल्या आणि तो कागद आमच्या ओलीच्या नकाशावर ठेवला. वरचे मजले पाहुण्यांना दिलेले आणि तळमजला कुलूपबंद, अशा घरांच्या खालच्या भिंती सगळ्यात वाईट स्थितीत होत्या. एका गल्लीवरून शहराचा सिद्धांत मांडता येत नाही, आणि आमच्या शिक्षकांनी तो मांडूही दिला नाही. पण कारण शोधायला त्यांनी आम्हाला भाग पाडलं, आणि कारण एका दाराशीच सापडलं.

मार्चमध्ये भरतीचं पाणी चढलं. खाडीच्या तीन मुखांवर मोझे नावाची 78 पोलादी दारं बसवलेली आहेत. मोठ्या भरतीच्या वेळी ती ऑक्टोबर 2020 पासून उचलतात आणि शहर वाचतं. 1966 च्या नोव्हेंबरात पाणी 194 सेंटिमीटरवर गेलं होतं, 2019 मध्ये 187 वर. तशी वेळ आता येऊ नये. मात्र दारं उचलतात ती 110 च्या आसपासचा अंदाज असला तर. त्याहून कमी पाणी सखल भागांत येतंच. आमच्या गल्लीच्या टोकाला ते घोट्यापर्यंत आलं आणि काही तासांनी ओसरलं. ओसरल्याबरोबर एका दारातून आजीबाई बाहेर आल्या. नळाच्या गोड्या पाण्याच्या बादल्या, लांब दांड्याचा ब्रश. त्यांनी उंबरा धुतला, दाराची चौकट धुतली, भिंत हात पोचेल तिथपर्यंत धुतली आणि आतली फरशीही धुतली. मग दोन्ही दारं सताड उघडी टाकून वारा आत घेतला.

मी विचारलं, दर वेळी असं करता का?

"मीठ वाळायच्या आत धुवायचं," त्या म्हणाल्या. "आई करायची, मी करते. मुलगा तिकडे मुख्य भूमीवर, मेस्त्रेला राहतो. त्याला इथलं परवडत नाही."

शेजारच्या कुलूपबंद तळमजल्याच्या दाराशी पाणी तेवढंच आलं होतं. ते आतल्या आत वाळलं.

संध्याकाळी मी 1964 ची व्हेनिस सनद काढून बसले. स्मारकांवर काम करणारे वास्तुविशारद आणि तंत्रज्ञ त्या वर्षी याच शहरात भरलेल्या परिषदेत जमले होते आणि आमच्या व्यवसायाचा पाया मानला जाणारा तो मजकूर तिथे तयार झाला. कोल्हापुरात अहवाल लिहिताना मी त्यातली पुनर्स्थापनेची कलमं सतत वापरते: नवं काय, जुनं काय, भर कुठे घालायची, कुठे थांबायचं. नववं, बारावं, तेरावं. पण त्यांच्याही आधी, चौथ्याच कलमात, जतनासाठी स्मारकाची देखभाल अखंड चालू राहणं अत्यावश्यक आहे असं म्हटलं आहे आणि पाचव्यात समाजोपयोगी वापराने जतनाला मदत होते असं. सनद लिहिणाऱ्यांनी क्रम बरोबर लावला होता. आपल्याकडे निविदा निघते ती नवव्या कलमापासून पुढची. चौथ्या कलमासाठी कुठल्याच अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही.

पैशाचंही तेच. 1966 च्या पुरानंतर युनेस्कोच्या आवाहनाला साद देत अनेक देशांत समित्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी व्हेनिसमधली चित्रं, वेद्या, दर्शनी भिंती वाचवल्या. ते काम थोर आहे. मी त्यातली काही चर्चं आतून पाहिली आणि कृतज्ञ झाले. पर्यटकाचा पैसाही दर्शनी भागापर्यंत येतो, कारण तो भाग दिसतो. बादली आणि ब्रश यांच्यासाठी कुणी देणगी मागत नाही. ते काम राहणाऱ्या माणसाने फुकट करायचं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि तो माणूस घर सोडून गेला की ते काम बंद पडल्याची नोंदही कुठे होत नाही.

तरीही पर्यटनाला शत्रू ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. त्याच गवंडीबाबांना मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, की निम्मं काम पाहुण्यांना घरं देणाऱ्या मालकांकडूनच येतं. ज्यांच्याकडे पैसा आहे तेच चुन्यात दुरुस्ती करून घेतात. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्याला ती झेपत नाही. म्हणजे पर्यटन गेलं तर कारागीर जातील आणि रहिवासी गेले तर रोजची देखभाल जाईल. हा पेच व्हेनिसला सुटलेला नाही. 2021 मध्ये मोठी प्रवासी जहाजं जुदेक्का कालव्यातून बंद केली, 2024 च्या ऑगस्टपासून गटात पंचवीसहून अधिक माणसं नकोत आणि ध्वनिवर्धक नकोत असा नियम आला. सगळं योग्यच आहे. पण हे सगळं येणाऱ्यांबद्दल झालं.

तिथली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. व्हेनिसमधल्या बहुतेक चौकांत मधोमध एक दगडी कठडा दिसतो. वाटतं विहीर. विहीर नव्हेच ती. खाऱ्या खाडीत विहिरीला गोडं पाणी कुठून लागणार? चौकाखाली मोठा खड्डा खणून त्याला चिकणमातीचं अस्तर केलं, आत वाळू भरली आणि मध्ये विटांची उभी नळी बांधली. चौकाच्या फरशीला किंचित उतार देऊन कठड्याभोवती भोकं पाडलेले दगड बसवले. पाऊस फरशीवरून त्या भोकांत, तिथून वाळूत, वाळूतून गाळून नळीत. शतकानुशतकं शहर हे पाणी प्यालं. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला आणि पुढे कठड्यांवर लोखंडी झाकणं बसली. फरशीवर पडलेला पाऊस आपल्याच घागरीत येणार आहे, हे माहीत असलेला माणूस चौक कसा ठेवत असेल, याचा मी वारंवार विचार केला. पन्हाळा किल्ल्यावरच्या अंधारबाव या विहिरीच्या तीन मजल्यांत उतरतानाही आता मला तोच प्रश्न पडतो. या पाण्याची राखण कोण करायचं, आणि ते काम कधी थांबलं?

परतल्यावर वर्षभराने, जुलै 2025 मध्ये, मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी आमच्या कार्यालयात पेढे वाटले, मला अतिशय आनंद झाला होता. या बारांतला पन्हाळा आमच्या अगदी जवळचा. तीन दरवाजा, सज्जा कोठी, धान्याची अवाढव्य कोठारं असलेला अंबरखाना, आणि त्यांच्या अध्येमध्ये घरं, शाळा, दुकानं, नगरपरिषद. पन्हाळा राहता किल्ला आहे. सिंधुदुर्गाच्या तटाआडही काही कुटुंबं राहतात. रायगड-राजगडाला जे नियम लावाल तेच इथे लावून चालणार नाही.

यादीत नाव जाणार म्हटल्यावर पन्हाळ्याच्या लोकांनी काळजी बोलून दाखवली होती, आपल्या घरादाराचं काय होणार म्हणून. ती काळजी खरी आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, आणि जुन्या घराची दुरुस्तीही परवानगीनेच करायची. कायद्याचा हेतू चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण जोत्याच्या दरजा भरायलाही कागद लागणार असेल आणि तेच घर पाहुण्यांना भाड्याने देण्यात बरकत दिसत असेल, तर माणूस काय निवडेल हे मी कान्नारेज्जोत पाहून आले आहे.

आमच्या पाहणीच्या तक्त्यात आता भेगांच्या पानाआधी एक पान आहे. तळमजल्यावर कोण राहतं, किती पिढ्यांपासून, पावसाआधी काय काय करतात, गेल्या वर्षी दुरुस्तीवर किती खर्च झाला, कुणाच्या हाताने झाली, ती व्यक्ती नसेल तर कोण करील. विद्यार्थ्यांना पन्हाळ्यावर नेते तेव्हा त्यांना बुरुज काढायचा असतो. मी आधी एखाद्या घराचे खालचे दोन मीटर काढायला लावते आणि घरातल्यांशी बोलायला बसवते. लोक भरभरून बोलतात. "ताई, एवढं कुणी विचारलं नव्हतं," असं एका काकूंनी सांगितलं आणि मग त्यांच्या सासऱ्यांच्या काळात चुना कुठून यायचा इथपासून सुरुवात केली.

किल्ल्यासाठी व्यवस्थापनाच्या योजना होतील, सल्लागार नेमले जातील. तिथे बोलायची संधी मिळाली की मी दोनच गोष्टी मागते. चुन्यातल्या किरकोळ दुरुस्तीला स्थानिक पातळीवर, ठरावीक दिवसांत, परवानगी मिळावी. आणि पर्यटकांकडून जे शुल्क येईल त्यातला एक हिस्सा दरवर्षी राहत्या घरांच्या देखभालीला मिळावा, एकदाच मोठ्या जीर्णोद्धाराला नव्हे. चुन्यात हात बसलेले गवंडी आमच्याकडे फार थोडे उरले आहेत. त्यातल्या एकांना आम्ही पन्हाळ्यावर घेऊन जातो. गावातली दोन पोरं त्यांच्या हाताखाली चुना मळायला शिकताहेत आणि पहिलं काम म्हणून त्या काकूंच्या घराचं जोतं घेतलं आहे. सिमेंट खरवडून झालं. परवानगीच्या अर्जावर काकूंनी सही केली असून सोबत जोडायचा नकाशा मुलं काढताहेत.